शांततेचा खुलासा

सरकारी नोकरीत माणसाला जी भये जडतात ती सेवानिवृत्तीच्या दिवशी हार-नारळाच्या बदल्यात परत करता येत नाहीत; निवृत्तिवेतनासारखी तीही महिन्याच्या महिन्याला, हयातीच्या दाखल्यावर, चालूच राहतात. माझे भय शांततेचे होते. १९४८ साली सुरू झालेल्या नागपूरच्या आकाशवाणी केंद्रात मी चौतीस वर्षे ध्वनिमुद्रणाची यंत्रे सांभाळली, आणि त्या चौतीस वर्षांत जी एक गोष्ट आपल्या हातून घडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलो, ती म्हणजे प्रक्षेपणातली रिकामी जागा. निवेदकाला ठसका लागला, फीत तुटली, किंवा कळ दाबताना हात चुकला आणि श्रोत्यांच्या घरी पाच-सात सेकंद काहीच पोचले नाही, की नोंदवहीत वेळ, अवधी आणि कारण असे तीन रकाने भरावे लागत आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मेजावर खुलासा रुजू करावा लागे. १८ मे १९८८ रोजी नागपूरजवळच्या एक हजार किलोवॅट शक्तीच्या प्रक्षेपकावरून राष्ट्रीय वाहिनी देशभर ऐकू जाऊ लागली तेव्हा सारे केंद्र पेढे वाटण्यात गुंतले होते, आणि माझ्या मनात मात्र पहिला विचार आला तो हा की, यापुढे शांतता घडली तर ती हजार किलोवॅटची घडेल.

अशा माणसाकडे त्याच्या उतारवयात, गेल्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात, ज्या प्रहरी नागपुरातला प्रत्येक शहाणा मनुष्य कूलरपुढे आडवा झालेला असतो त्या भर दुपारी, त्याची नात काखेत एक चाके लावलेली फळी घेऊन आली. ती येथल्याच एका महाविद्यालयात जनसंवादाचा अभ्यास करते, आणि वर्षाअखेरच्या परीक्षेसाठी तिला चार सहाध्यायांच्या साहाय्याने एक लघुपट सादर करावयाचा होता.

"आबा, ह्याचा आवाज पकडून द्याल का? कॅमेऱ्यात काहीच नीट नाही येऊन राहिलं."

स्केटबोर्ड हा शब्द मला वाचून ठाऊक होता. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रथम प्रवेश मिळाला आणि २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड यांनी त्यात सुवर्णपदक मिळवले, एवढी वर्तमानपत्री माहिती माझ्या संग्रही होती. परंतु ती वस्तू प्रत्यक्ष हाती धरण्याचा योग कधी आला नव्हता. मी ती उचलली आणि सवयीने, बाजारात माठ घेताना वाजवून पाहावा तशी, बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. मेपलच्या लाकडाचे सात पातळ थर एकावर एक चिकटवून ही फळी बनवतात. मध्ये वाजवली तर तिचा स्वर घुमारदार लागतो, आणि वर वळलेल्या शेपटीकडे वाजवली तर तोच कोरडा आणि टणक होतो. ज्या वस्तूला एकाच अंगावर असे दोन स्वर असतात तिला वाद्य म्हणावयास माझी हरकत नसते. मी होकार दिला.

चित्रपट सात मिनिटांचा होता. आमच्या प्रतापनगरच्या वस्तीतला, मंडप उभारणाऱ्या एका कामगाराचा पंधरा वर्षांचा मुलगा पहाटे घराबाहेर पडतो, झोपलेल्या गावातून फळीवरून वाट काढीत फुटाळा तलावाच्या काठी जातो, तेथे एका दगडी उंचवट्यावरून उडी घेण्याचा प्रयत्न करतो, तीनदा पडतो, चौथ्यांदा पडत नाही, एवढेच कथानक. त्यात एकही संवाद नव्हता. मला ही गोष्ट प्रथम अंगावर आली, कारण संवादाविना नाट्य म्हणजे आमच्या व्यवसायात जवळजवळ राजीनामाच. परंतु नातीने मला सांगितले की, या खेळावरचा पहिला गाजलेला लघुपट, नोएल ब्लॅक या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९६५ सालचा 'स्केटरडेटर', हाही पूर्णतः संवादविरहित होता आणि पुढल्याच वर्षी कानच्या महोत्सवात लघुपटांतील सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. मग मीही माझ्या पोतडीतून एक दाखला काढला. आपल्या प्रभात कंपनीने १९३७ साली 'कुंकू' काढला तेव्हा शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताला रजा देऊन घराघरातल्या स्वाभाविक ध्वनींवर प्रसंग उभे केले होते, आणि बोलपट या देशात येऊन तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. त्यामुळे ही पोरे जे करू पाहत आहेत ते काही परक्या मुलखातून आणलेले नाही, असे मी म्हणालो. नातीने ते वहीत टिपून घेतले. पोरांना आजोबांच्या आठवणींपेक्षा सनावळी अधिक उपयोगाची वाटते हे मी त्याच दिवशी शिकलो.

पहिल्या दिवशीचे मुद्रण ऐकून मी कपाळाला हात लावला. कॅमेऱ्याच्या शिरावर बसवलेल्या ध्वनिग्राहकाने पहाटेचा वारा, दूधवाल्याची मोटारसायकल, छायाचित्रण करणाऱ्या मुलाचा श्वास आणि फळीची चाके ही सारी मंडळी एकाच पोत्यात कोंबून आणली होती, आणि पोत्याचे तोंड उघडले तर आत पिठाच्या गिरणीखेरीज काही ओळखू येत नव्हते. त्यात अंतराचा हिशेब निराळाच. नागपूरच्या उन्हाळी हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटर चालतो. म्हणजे मुलगा कॅमेऱ्यापासून पस्तीस मीटरांवर असेल तर त्याची फळी आपटलेली डोळ्यांना आधी दिसते आणि कानांना सेकंदाच्या दहाव्या भागाने मागाहून कळते. चित्रपटाच्या पट्टीवर ही तफावत अडीच चित्रांची होते. प्रेक्षकाला ती सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे चालले आहे एवढे त्याला उमगते.

स्केटबोर्डवाल्या मंडळींच्या गोटात सोनीच्या १९९५ सालच्या एका जुन्या कॅमेऱ्याचे, व्हीएक्स-१००० चे, नाव मोठ्या आदराने घेतले जात असल्याचे मला तेव्हाच समजले. त्याचे चित्र आज कोणी हाती धरणार नाही, परंतु त्याच्या अंगच्या ध्वनिग्राहकात चाकांचा आणि लाकडाचा आवाज जसा जवळून, अंगावर आल्यासारखा उमटे, तसा पुढच्या महागड्या यंत्रांत उमटला नाही, म्हणून जगभरचे खेळाडू तो अजून शोधत फिरतात. ही हकीकत ऐकून मला या पोरांविषयी प्रथमच आपुलकी वाटली. ज्या जमातीला चित्रापेक्षा आवाज प्रिय आहे ती जमात परकी कशी असेल?

मी विचार केला तो असा. फळीवर उभ्या राहिलेल्या मुलाला हा आवाज कोठून ऐकू येतो? कानांतून थोडा, बाकीचा सारा तळपायांतून. गाडीच्या डब्यात बाकावर डोके टेकून झोपणाऱ्याला रुळांचा आवाज जसा हाडांतून ऐकू येतो, तसा. तेव्हा हवेतून नव्हे, लाकडातून आवाज काढला पाहिजे. दुसऱ्या दिवशी बर्डीच्या बाजारातल्या मोदी नंबर तीन या गल्लीत जाऊन मी पितळेच्या काही पातळ चकत्या विकत घेतल्या. घड्याळाच्या गजरात आणि खेळण्यांत ज्या वाजवतात त्याच. विजेने त्या कंप पावतात, आणि उलटपक्षी कोणी त्यांना कंपित केले तर त्या वीज देतात. फळीच्या पोटाला, दोन आसांच्या मधोमध, एक चकती चिकटवली आणि तार मुलाच्या पँटमधून वर काढून कमरेच्या पिशवीतल्या यंत्राला जोडली. आवाज आला, पण डब्याच्या पत्र्यासारखा. खालचे गंभीर स्वर सारे गळून गेलेले. याचे कारण मला ओळखीचे होते. अशी चकती फार नाजूक प्रकृतीची असते. यंत्राच्या प्रवेशद्वारी तिच्यावर जो विद्युत्भार पडतो तो तिला पेलत नाही आणि सर्वांआधी ती खालचे सप्तक सोडते. मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, वीस वर्षांनी डाग देण्याची कावी तापवली, आणि एका ट्रान्झिस्टरचे छोटेसे मंडल जोडून मध्ये बसवले. कढईत खमंग फोडणी पडावी तसा डागाचा राळमिश्रित धूर स्वयंपाकघरापर्यंत गेला, आणि तिकडून विचारणा झाली की, या वयात पुन्हा हे काय आरंभले आहे.

ती तार पहिल्याच उडीत तुटली, आणि तिच्यासवे मुलाच्या पँटची शिवणही. "आजोबा, ह्या वायरनं माझा पाय तुटन एखाद्या दिवशी," तो म्हणाला. आणि त्याची तक्रार सर्वस्वी कायदेशीर होती. शेवटी तोडगा घरातच सापडला. प्रवासात नेण्याची एक जुनी साबणदाणी घेऊन तिच्या आत स्पंज भरला, त्यात बोटभर लांबीचे ध्वनिमुद्रणयंत्र निजवले, आणि ती साबणदाणीच दोन आसांमधल्या जागेत पट्ट्यांनी घट्ट बांधली. दर खेपेला निघण्यापूर्वी मुलाने शेपटीने जमिनीवर तीनदा ठोके द्यावयाचे, म्हणजे चित्र आणि ध्वनी मागाहून त्या ठोक्यांवर जुळवता येतील, असा दंडक घालून दिला. एरव्ही यासाठी पाटी आपटतात. येथे खेळाडूच स्वतःची पाटी झाला.

त्या साबणदाणीतून जे निघाले ते मी माझ्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, ऐकले, आणि काही वेळ नातीशी बोलू शकलो नाही. आमच्या भागातले रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत. काँक्रीट तापून-निवून तडकू नये म्हणून त्यांत ठराविक अंतरावर आडव्या खाचा पाडलेल्या असतात. मी टेप घेऊन मोजले तर ते अंतर साडेचार मीटर भरले. मुलगा सेकंदाला साधारण तेवढेच अंतर कापत होता. त्यामुळे दर सेकंदाला एक ठोका, आणि तोही जोडठोका: पुढची चाके खाचेवरून जातात आणि सेकंदाच्या सुमारे बाराव्या भागाने मागची. ठाक्-ठक्, मग घरघर, मग ठाक्-ठक्. लहानपणी नागभीडच्या छोट्या गाडीत खिडकीशी बसून जो ठेका मी मांडीवर धरीत असे, तोच पन्नास-साठ वर्षांनी एका पोराच्या पायांखालून माझ्या कानी येत होता. खाचांमधल्या घरघरीलाही पोत होता: नव्या काँक्रीटवर ती रेशमी लागे, डांबराचे ठिगळ आले की घसा बसल्यासारखी होई, आणि गटाराच्या झाकणावर क्षणभर घंटा वाजे. मुलाला मी हे ऐकवले तेव्हा तो डोळे मिटून म्हणाला, "हे किराणा दुकानासमोरचं झाकण हाय न जी?" तेच होते.

चाकांचीही एक कहाणी आहे. आरंभी ही चाके पोलादाची असत, मग भाजलेल्या मातीसारख्या ठिसूळ द्रव्याची. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने युरेथेन या रबरासारख्या द्रव्याची चाके बाजारात आणली आणि खेळाचे स्वरूप पालटले. चाक मऊ असेल तर ते रस्ता गिळून टाकते आणि आवाजही गिळते. कठीण असेल तर रस्त्याचा प्रत्येक खडा बोलून दाखवते. मुलाची चाके मऊ होती. आम्ही कोणाची तरी कठीण चाके दोन दिवसांसाठी उसनी आणली, आणि रस्ता वाचाळ झाला.

आता राहिली उडी, आणि येथूनच माझी परीक्षा सुरू झाली. हाताने न धरता फळीसकट हवेत जाण्याची ही युक्ती ॲलन गेलफंड या फ्लोरिडातल्या मुलाने १९७८ च्या सुमारास उतरत्या भिंतींवर साधली आणि रॉडनी मलन याने पुढे ती सपाट जमिनीवर आणली. तिला 'ऑली' म्हणतात. कानाने पाहिले तर तिचे चार भाग पडतात. प्रथम मागचा पाय शेपटी जमिनीवर आदळतो, तो कोरडा 'टॉक्'. मग पुढचा पाय फळीवरच्या पॉलिशपेपरसारख्या खरखरीत पृष्ठावरून वर सरकतो, तो बारीक 'सर्र'. मग काही नाही. मग चारी चाके एकदम खाली येतात, तो 'धप्प'. हे 'काही नाही' किती वेळ टिकते? दोन वीत उंच उडीला सेकंदाचा सहा-दशांश भाग पुरतो. परंतु आमच्या छायाचित्रकाराने ते दृश्य चौपट संथ करून ठेवले होते; म्हणजे पडद्यावर ते सुमारे अडीच सेकंद टिकणार होते. अडीच सेकंद शांतता! माझ्या नोंदवहीचे तिन्ही रकाने माझ्यापुढे उघडे झाले.

ती जागा भरण्यासाठी मी जिवाचे रान केले. प्रथम आम्ही मूळ आवाजच चौपट संथ केला. आमच्या काळी साडेसात इंच गतीची फीत पावणेचार इंचांवर सोडली की आवाज एक सप्तक खाली उतरे. येथे तो दोन सप्तके उतरला, आणि बालकाच्या उडीला रेड्याच्या डुरकण्याचे स्वरूप आले. मग नातीच्या मित्राने यंत्रनिर्मित संगीताचा एक ठेका बसवला. तो ऐकून फळी आता एखाद्या लग्नाच्या वरातीत शिरणार असे वाटू लागले. मी तानपुरा सुचवला. तानपुरा लागताच मुलगा उडी मारीत नसून समाधी घेत आहे असा भास झाला. अखेर मी माझे ठेवणीतले अस्त्र काढले. श्रुतिकेत नायकाच्या मनातली घालमेल दाखवावयाची तर आम्ही ध्वनिग्राहकाशी तोंड नेऊन श्वास आणि मांडीवर मूठ आपटून छातीचे ठोके तयार करीत असू. नारळाच्या करवंट्यांतून घोडा आणि पत्र्याच्या तुकड्यातून वादळ काढणाऱ्या आमच्या पिढीला त्यात अवघड ते काय? मी अर्धा तास घाम गाळून ठोके मुद्रित केले. नातीने ते शांतपणे ऐकले.

"आबा, फार छान झालं आहे. पण हे ऐकून तो घाबरला आहे असं वाटते. तो घाबरून नाही राहिला. त्या वेळी त्याला काहीच नाही वाटत. मी विचारलं त्याला."

एक मात्र आमच्या बनावट कारागिरीच्या पदरात पडले. तिसऱ्या प्रयत्नात आसाचा धातू दगडाच्या कडेवरून घासत जातो, तो आवाज प्रत्यक्ष मुद्रणात अगदीच किरकोळ आला होता. मी चाके काढलेला आस घेऊन स्वयंपाकघरातल्या पाट्यावरून ओढला, आणि असा काही खणखणीत, दात आंबवणारा आवाज निघाला की सारे खूश झाले. पाट्याच्या मालकिणीस मात्र तो पाटा पुन्हा टाकवून घ्यावा लागला, आणि टाकीवाल्याचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून वसूल झाला. जो मुलगा गटाराचे झाकण कानाने ओळखतो, त्यालाही हे कृत्य कळले नाही; उलट, "हा आवाज एकदम ओरिजनल आला," असा दाखला त्याने आपणहून दिला. सत्य आणि सत्याभास यांविषयी मी जे काही ग्रंथांत वाचले होते त्याची मला त्या क्षणी गंमत वाटली.

अखेर नातीने निर्णय दिला: त्या जागी काही ठेवायचे नाही. संगणकाच्या पट्टीवरून तिने अडीच सेकंदांचा ध्वनी कापून काढला आणि तेथे शून्य ठेवले. महाविद्यालयातल्या एका वर्गात वीस-पंचवीस मुलांपुढे आम्ही हा पहिला मसुदा दाखवला. उडीचा क्षण आला, ध्वनी नाहीसा झाला, आणि दोन गोष्टी एकदम घडल्या: मागच्या बाकावरच्या एका मुलाने "आवाज गेला बे!" म्हणून पुकारा केला, आणि मी, जो या प्रयोगात सामील होतो, ज्याला ही शांतता मुद्दाम ठेवलेली आहे हे पक्के ठाऊक होते, तो मी खुर्चीतून अर्धा उठून वर्धकाच्या तारेकडे हात नेत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि जेव्हा लागली तेव्हा ती कूलरने लावली. नागपूरच्या मे महिन्यात रात्रीची शांतता म्हणून जी काही असते ती घरोघरच्या कूलरांच्या घरघरीची बनलेली असते. पंख्याचे पाते, पाण्याच्या पंपाची टपटप, ओल्या वाळ्यातून येणारा वारा आणि पत्र्याच्या अंगाची थरथर यांचा तो एक अखंड स्वर. तो आम्हांला ऐकू येतच नाही. तो ऐकू येतो तो फक्त थांबल्यावर. वीज गेली की उकाडा जाणवण्याच्या कितीतरी आधी, कूलर बंद पडण्याच्या आवाजानेच सारी गल्ली जागी होते. 'बंद पडण्याचा आवाज' हा शब्दप्रयोग तर्काला धरून नाही हे मला कळते. पण त्या रात्री तोच मला सुचला, आणि पहाटे चहाच्या वेळी मी नातीला तो ऐकवला.

आमची चूक दुहेरी होती. एक तर आम्ही शांततेच्या जागी शून्य ठेवले होते, आणि निसर्गात शून्य कोठेच नसते. ते केवळ तुटलेल्या तारेत असते, म्हणूनच मागच्या बाकावरच्या मुलाला यंत्र बिघडल्याची शंका आली. प्रत्येक स्थळाची शांतता निराळी असते आणि ती फळीच्या आवाजाइतक्याच निगुतीने मुद्रित करून आणावी लागते, हे आकाशवाणीत बाहेरचे मुद्रण करताना मीच नवख्यांना बजावीत असे: मुलाखत संपली तरी यंत्र बंद करू नका, त्या खोलीची अर्धा मिनिट शांतता घेऊन या, फितीला जोड देताना लागेल. दुसरी चूक याहून खोल होती. आम्ही अडीच सेकंदांत काय भरावे याचा पंधरा दिवस काथ्याकूट केला, आणि त्यांच्या आधीच्या दोन मिनिटांकडे पाहिलेच नाही. थांबणे ऐकू यावयाचे असेल तर आधी चालू असलेले काहीतरी हवे, आणि ते इतके सतत चालू हवे की त्याचे भान सुटले पाहिजे.

नातीने मला तेव्हा वॉल्टर मर्च यांचे नाव सांगितले. १९७९ सालच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या चित्रपटावरील त्यांच्या कामापासून ध्वनीच्या या कारागिरीला संकल्पकाचा दर्जा मिळाला असे मानतात. त्या चित्रपटाच्या आरंभी हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज हॉटेलच्या छताला टांगलेल्या पंख्यात मिसळून जातो. "म्हणजे त्यांचा पंखा आणि आपला कूलर," ती म्हणाली.

पहाटे साडेचारला आम्ही दोघे फुटाळ्याच्या काठी जाऊन बसलो. कोणी काही बोलावयाचे नाही, हलावयाचे नाही, असा करार. यंत्र वीस मिनिटे चालू होते. एका गस्तवाल्याने येऊन, इतक्या पहाटे म्हातारा आणि मुलगी यंत्र मांडून काय करीत आहेत, याची रीतसर चौकशी केली. "शांतता भरून घेतो आहोत," असे मी खरे ते सांगितले, आणि माझ्याकडे काही क्षण पाहून तो आल्या पावली परतला. घरी येऊन ऐकले तर पाण्याची बारीक चुळबुळ, दूरच्या रस्त्याचा अस्पष्ट गुंजारव, आणि अकराव्या मिनिटाला एक टिटवी. मी सवयीने टिटवी कापावयास निघालो होतो. नातीने माझा हात धरला.

मग आम्ही चित्रपट उलट्या टोकाने बांधला. मुलाच्या घरातला कूलर पहिल्या दृश्यापासून घरघरू लागला. मुलगा बाहेर पडला तरी आम्ही ती घरघर पुरती सोडली नाही, चाकांच्या घरघरीत ती कणाकणाने विरघळवली, त्यावर सिमेंटच्या खाचांचा जोडठोका चढवला, आणि प्रत्येक पडण्यानंतर तो ठोका किंचित अधिक जवळ, किंचित अधिक दाट केला. इतका की, पाच मिनिटांनंतर प्रेक्षक तो ऐकेनासा व्हावा. चौथ्या उडीला 'टॉक्', 'सर्र', आणि सारे एकदम थांबले. उरले फुटाळ्याचे पाणी. अडीच सेकंदांच्या जवळजवळ शेवटी, दूर कोठेतरी, टिटवी. मग 'धप्प'.

जून महिन्यात महाविद्यालयाच्या सभागृहात तो दाखवला गेला. मी मुद्दाम मागे, यंत्रे चालवणाऱ्या इसमाच्या शेजारी जागा घेतली होती. त्या बिचाऱ्याला काहीही कल्पना दिलेली नव्हती. उडीच्या क्षणी मी पडद्याकडे न पाहता त्याच्या हाताकडे पाहत होतो. तो हात वर्धकाकडे गेला नाही. तो हातातला चहाचा कप ओठांशी नेता नेता वाटेतच थांबला होता, आणि चाके जमिनीवर आली तेव्हा पुढे गेला. चौतीस वर्षांच्या सेवेत मला प्रशस्तिपत्रे मिळाली नाहीत असे नाही. परंतु त्या थांबलेल्या कपासारखे एकही नाही.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला. चित्रपटाच्या दुसऱ्या की तिसऱ्या रात्री, दोनच्या सुमारास, आमच्या घरातला कूलर थांबला, आणि त्याच क्षणी शेजारचा, समोरचा, गल्लीच्या टोकाचा. मी जागा झालो. प्रथम भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू आला, मग टाकीत ठिबकणारे पाणी, मग दूर अजनीच्या बाजूला रुळ बदलणारी मालगाडी, जी रोज रात्री तेथेच असली पाहिजे.

"अहो, लाइन गेली वाटते," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "उठून फ्यूज तरी पाहा."

"थांब जरा. ऐकू दे."

"काय ऐकून राहिले? काहीच तर नाही."

मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो. मग उठलो, विजेरी घेतली आणि फ्यूज पाहिला. तो शाबूत होता.